वळिवडे ते कल्याण : निर्वासितांच्या छावणीतील दवाखाना आणि शाळा

'छावणी' हा शब्द मराठीला परका नाही. छप्पर घालणे या क्रियेशी त्याचे नाते असून लष्कराचा तळ, फौजेचा पावसाळी मुक्काम आणि दुष्काळात जनावरांसाठी उघडलेली चाराछावणी इतका त्याचा अर्थविस्तार झालेला आहे. या सर्व अर्थांत एक छटा समान आहे, ती तात्पुरतेपणाची. छप्पर आहे, पण घर नाही. इंग्रजी अमदानीत आलेल्या 'कँप' या शब्दाची गत मात्र निराळी झाली. पुण्यात, देवळालीत आणि विशेषतः ठाणे जिल्ह्यात तो स्थलनाम होऊन बसला. उल्हासनगरात आजही पत्ता सांगताना 'कँप नंबर तीन', 'कँप नंबर चार' असेच सांगतात. ज्या शब्दाने मुक्कामाचा अल्पकाळ सुचवावयाचा, तोच पाऊणशे वर्षांनंतर कायमच्या पत्त्यात उरावा, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाला विचारात पाडणारी आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय शब्दार्थाचा नसला, तरी त्याच्याशी निगडित आहे. युद्धामुळे वा फाळणीमुळे घरदार सुटलेली कुटुंबे महाराष्ट्रातील छावण्यांत येऊन राहिली, तेव्हा त्यांच्या आजारपणाची आणि मुलांच्या शिक्षणाची सोय कशी झाली, हे येथे दोन उदाहरणांवरून पाहावयाचे आहे. पहिले उदाहरण कोल्हापूरनजीक वळिवडे येथील पोलिश वसाहतीचे, दुसरे कल्याणच्या सिंधी छावण्यांचे. दोहोंची तुलना करण्यास एक सबळ कारण आहे, ते पुढे येईल. माझे प्रतिपाद्य थोडक्यात असे : छावणी किती काळ राहणार आणि तिच्यातून माणसे कोठे जाणार, याविषयी चालकांची व रहिवाशांची जी समजूत असते, तिच्यावर शाळेची भाषा आणि अभ्यासक्रम ठरतो. ती समजूत चुकली, तर तिची किंमत त्या शाळेतील मुले पुढे जन्मभर देतात.

या प्रश्नाकडे माझे लक्ष प्रथम गेले ते मी राहतो तेथे, हाटकेशला. मीरा-भाईंदरमधील हा भाग मिठागरांच्या शेजारचा. येथील इमारतींतून बहुतेक सर्वच कुटुंबे अन्य कोठून तरी आलेली. आमच्या शेजारी एक वृद्ध सिंधी बाई राहतात. त्यांची थोरली बहीण कराचीत चार इयत्ता शिकून आली होती, आणि या स्वतः पहिल्यांदा शाळेत बसल्या त्या कल्याणच्या छावणीत. थोरलीचे लग्न होऊन ती पिंपरीस गेली. तिचे पत्र आले की ते धाकटीला कोणाकडून तरी वाचून घ्यावे लागे. दोघींची भाषा एक, आई एक, परंतु एकीची लिपी अरबी वळणाची आणि दुसरीची देवनागरी. बाईंनी हे हसत सांगितले. मला मात्र ते हसण्यावारी नेता आले नाही.

प्रथम वळिवड्याकडे वळू. १७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएट फौजा पूर्व पोलंडमध्ये शिरल्या, आणि १९४० व १९४१ या दोन वर्षांत तेथील लक्षावधी लोकांना मालगाड्यांत घालून सैबेरिया, कझाकस्तान इत्यादी प्रदेशांत नेण्यात आले. जर्मनीने रशियावर स्वारी केल्यावर ३० जुलै १९४१ रोजी लंडनमध्ये पोलंडचे निर्वासित सरकार आणि सोव्हिएट सरकार यांच्यात करार झाला आणि या कैद्यांची सुटका झाली. पुरुष जनरल अँडर्स यांच्या सैन्यात गेले. बायका, मुले व वृद्ध त्या सैन्याच्या मागोमाग उझबेकिस्तानकडे उतरले. त्या वाटेवर प्रलापक सन्निपातज्वर, आमांश, मलेरिया आणि उपासमार यांनी किती जीव घेतले याची गणती करणे कठीण. १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून ही मंडळी इराणच्या पहलवी बंदरावर आली, तेव्हा उवांतून पसरणारा ज्वर रोखण्यासाठी त्यांचे केस भादरण्यात आले आणि अंगावरचे कपडे जाळण्यात आले. छावणीतील आरोग्यसेवेचा आरंभ असा होत असतो. माणसाला बरे करण्याआधी त्याच्याजवळचे अखेरचे सामान काढून घ्यावे लागते.

भारतात प्रथम आली ती अनाथ मुले. अश्काबादहून मशहद, झाहेदान आणि क्वेट्टा या खुष्कीच्या मार्गाने त्यांना आणण्यात आले, आणि १९४२ च्या उन्हाळ्यात त्यांचा मुक्काम आमच्याच पश्चिम रेल्वेच्या मार्गावरील वांद्रे येथे होता. तेथून ती नवानगर संस्थानातील बालाचडीस गेली. जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी त्यांना दिलेला आश्रय आता पुष्कळांस ठाऊक आहे. कुटुंबांसाठी मोठी वसाहत हवी होती. ती १९४३ मध्ये पंचगंगेच्या खोऱ्यात, कोल्हापूरपासून काही मैलांवर आणि मिरज-कोल्हापूर लोहमार्गालगत वळिवडे येथे वसली. येथे सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले, आणि त्यांत बायका व मुले यांचाच भरणा मोठा होता. अलीकडे या वसाहतीचे सर्व श्रेय कोल्हापूरच्या छत्रपतींना देण्याची प्रथा पडली आहे. संस्थानाने जागा दिली आणि आतिथ्य केले, हे खरे. परंतु त्या वेळी गादीवरील छत्रपती अल्पवयीन होते, आणि वसाहतीचा नित्य खर्च लंडनमधील पोलिश सरकारच्या निधीतून चाले. मुंबईतील पोलंडचे महावाणिज्यदूत बानासिन्स्की आणि पोलिश रेडक्रॉसचे काम पाहणाऱ्या त्यांच्या पत्नी किरा बानासिन्स्का यांचा या व्यवस्थेत मोठा हात होता. पैसा कोणाचा, हा प्रश्न क्षुद्र वाटला तरी शाळेच्या भाषेचा प्रश्न त्याच्याशी बांधलेला असतो, म्हणून त्याचा उल्लेख येथे केला.

वळिवड्याची रचना लांबलचक बराकींची होती. आडभिंती घालून बराकीचे भाग केलेले, आणि एकेका भागात एकेक कुटुंब. बालाचडीस सामुदायिक भोजनगृह होते. वळिवड्यास कुटुंबाला रोख भत्ता मिळे आणि बाया वसाहतीतील बाजारातून जिन्नस घेऊन आपापल्या चुलीवर स्वयंपाक करीत. या एका तपशिलाचे आरोग्याच्या दृष्टीने महत्त्व मोठे आहे. तीन वर्षे ज्या आईला मुलाच्या तोंडात काय घालावे हे ठरविता आले नव्हते, तिला तो अधिकार परत मिळाला. आहारशास्त्राच्या पुस्तकात याला स्थान नसेल, पण छावणीच्या इतिहासात ते दिले पाहिजे.

वसाहतीला स्वतःचे रुग्णालय होते. या लोकांनी मध्य आशियातून मलेरिया बरोबर आणला होता, आणि जावा बेट १९४२ मध्ये जपानच्या हाती गेल्यापासून क्विनीनचा जागतिक पुरवठा तुटलेला होता. पण अधिक चिंतेचा आजार क्षयाचा. त्या काळी क्षयावर औषध असे नव्हतेच. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ मधला, पण ते हाताशी येण्यास पुढे काही वर्षे जावी लागली. कोरडी हवा, सकस अन्न आणि विश्रांती हाच उपचार. त्यासाठी पाचगणीचा उपयोग करण्यात आला. डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये तेथे काढलेल्या 'बेल एअर' आरोग्यधामामुळे हे गाव क्षयरोग्यांसाठी आधीच प्रसिद्ध होते. अशक्त व क्षयाची भीती असलेल्या पोलिश मुलांना व मोठ्यांना तेथे ठेवण्याची सोय झाली, आणि काही मुले तेथील शाळांतून शिकलीही. आरोग्य आणि शिक्षण यांचा विचार एकत्र झाल्याचे असे उदाहरण त्या काळात विरळाच. महाराष्ट्राच्या स्मृतीत छावणीचे जे आधीचे चित्र होते, ते १८९७ च्या प्लेगमधील विलगीकरणाचे, म्हणजे माणसांना घरातून ओढून नेण्याचे होते. ते ध्यानी घेतले म्हणजे हा फरक अधिक जाणवतो.

शाळांच्या बाबतीत वळिवड्याचा पसारा पाहून आजचा शिक्षणाधिकारीही चकित होईल. बालवर्ग, प्राथमिक शाळा, 'गिमनाझिउम' म्हणून ओळखली जाणारी माध्यमिक शाळा, तिच्या पुढचे 'लिसेउम', शिक्षक तयार करण्याचा स्वतंत्र वर्ग आणि व्यवसायशिक्षण, असे सर्व टप्पे पाच हजारांच्या वस्तीत होते. बालवीर-वीरबालांची चळवळ जोरात होती. मुंबईहून 'पोलाक व इंदियाख' हे पोलिश नियतकालिक निघे. मुलांची दोन-तीन वर्षे बुडालेली असल्यामुळे वय आणि इयत्ता यांचा मेळ राहिलेला नव्हता. क्रमिक पुस्तकांचा तुटवडा होता. पोलिश सैन्याच्या आश्रयाने जेरुसलेम येथे छापलेली पुस्तके ही तर या काळातील पोलिश शिक्षणाची जीवनवाहिनीच म्हटली पाहिजे. शिक्षणाचे माध्यम पोलिश, इतिहास पोलंडचा, भूगोल युद्धपूर्व पोलंडचा. इंग्रजी हा एक विषय. मराठी मुळीच नाही.

मराठी का नाही, असा प्रश्न आपल्या अभिमानाला सुचतो. तो विचारण्यात अर्थ नाही. जो माणूस परत जाणार, त्याने यजमानाची भाषा बाजारापुरती शिकावी, हे स्वाभाविकच. मला खटकते ते दुसरेच. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला होता, जेथे जातिजातींच्या वसतिगृहांतून शिक्षणाचा केवढा तरी प्रयोग उभा राहिला होता, त्याच्याच वेशीवर दुसरा एक तितकाच अपूर्व प्रयोग पाच वर्षे चालला आणि दोन्ही शिक्षणविश्वांची एकमेकांशी फारशी ओळख झाली नाही. लोहमार्गाच्या एका बाजूस एक जग, दुसऱ्या बाजूस दुसरे.

आणि परत जाण्याचे काय झाले? फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे पूर्व पोलंडचा प्रदेश सोव्हिएट संघाकडे राहण्याचे ठरले. वळिवड्यातील बहुसंख्य लोकांची गावे त्याच प्रदेशातील. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. खर्चाची जबाबदारी प्रथम लंडनमधील एका तात्पुरत्या समितीकडे व नंतर संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्य व पुनर्वसन संस्थेकडे गेली. म्हणजे ज्या देशात परत जाण्यासाठी मुले पोलिश नद्यांची नावे पाठ करीत होती, त्या देशाच्या नकाशातून त्यांचे गावच निघून गेले. १९४७ च्या पोलिश पुनर्वसन कायद्यामुळे सैनिकांच्या कुटुंबांना ब्रिटनचा मार्ग मोकळा झाला. काही जण पूर्व आफ्रिकेतील छावण्यांत गेले, थोडे पोलंडला परतले. १९४८ मध्ये वळिवडे रिकामे झाले.

तर मग ते पोलिश शिक्षण वाया गेले काय? माझे मत तसे नाही. शाळेची समजूत चुकीची ठरली, पण तीत एकवाक्यता होती. घरी, शाळेत, प्रार्थनामंदिरात आणि दवाखान्यात एकच भाषा व एकच लिपी होती. आजारी मुलाला आपले दुखणे डॉक्टरला सांगण्यासाठी दुभाषा लागत नव्हता. मूल पुढे कोणत्याही देशात गेले, तरी त्याच्यापाशी एक पूर्ण भाषा होती, आणि जिला एक भाषा पूर्ण आली तिला दुसरी शिकता येते.

आता तुलनेचे कारण सांगतो. वळिवड्याच्या बराकी फार काळ रिकाम्या राहिल्या नाहीत. पोलिश मंडळी गेली आणि त्याच जागी सिंधमधून आलेले निर्वासित राहावयास आले. तेच आजचे गांधीनगर. कापडाच्या घाऊक बाजारपेठेमुळे दक्षिण महाराष्ट्रातील प्रत्येक दुकानदार हे नाव जाणतो, परंतु त्या दुकानांच्या खाली पोलिश शाळांचा पाया आहे, हे बहुतेकांच्या गावीही नसते. एकाच छपराखाली पाठोपाठ दोन विस्थापित समाज आले. एकाला परत जावयाचे होते, दुसऱ्याला परत जाता येणार नव्हते.

सिंध्यांचे मोठे स्थलांतर कराचीत ६ जानेवारी १९४८ रोजी झालेल्या दंगलीनंतर वेगाने झाले. बहुसंख्य लोक आगबोटींनी मुंबईस उतरले. पिंपरी, देवळाली, मुलुंड, चेंबूर, ठाण्याची कोपरी अशा अनेक ठिकाणी त्यांच्या वसाहती झाल्या. पण सर्वांत मोठी वस्ती कल्याणजवळच्या महायुद्धकालीन लष्करी छावणीत झाली. तिचे पाच विभाग म्हणजेच ते पाच कँप. येथे आलेल्यांची संख्या लाखाच्या घरात सांगितली जाते. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसविण्यात आली आणि उल्हास नदीवरून त्याचे उल्हासनगर असे नामकरण झाले.

वळिवड्यास पाच हजारांसाठी जे करता आले, ते लाखासाठी होणे शक्य नव्हते, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. लष्करी बराकी सैनिकांसाठी बांधलेल्या, कुटुंबांसाठी नव्हेत. गोणपाट वा जुनी लुगडी टांगून एका दालनात अनेक बिऱ्हाडे केलेली, संडास सामायिक, पाणी मोजके. अशा वस्तीत देवी, पटकी आणि विषमज्वर यांचे भय पहिले. परळच्या हाफकिन संस्थेत पटकीची लस तयार होत असे, आणि देवी टोचण्याची यंत्रणा मुंबई प्रांतात जुनी होती. एका दिवसात शेकडो दंड टोचून काढणारे हे काम सरकारी यंत्रणेला जमते. तिला जमत नाही ते रोजचे वैद्यकशास्त्र, म्हणजे बाळंतपण, मुलांचे हगवणीचे आजार, म्हाताऱ्यांचा खोकला. तेथे उपयोगी पडले ते सिंधमधूनच आलेले डॉक्टर व वैद्य. ते स्वतः निर्वासित होते आणि त्याच बराकींत राहत होते. १९४९ पासून मोफत शिधा आवरता घेण्यात आला, तेव्हा आहाराचा प्रश्न घराघराचा झाला. लोकलगाडीत गोळ्या, पापड, पेन विकणारी सिंधी मुले त्या पिढीतील मुंबईकरांनी पाहिली आहेत. ती मुले शाळेत जात नव्हती असे नाही. पुष्कळांनी दोन्ही केले.

शिक्षणात मात्र सिंधी निर्वासितांपाशी एक मोठे भांडवल होते, आणि त्याची नोंद पुरेशी घेतली गेलेली नाही. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता. त्यानंतरही कराचीची महाविद्यालये १९४७ पर्यंत मुंबई विद्यापीठाशीच संलग्न होती. त्यामुळे कराचीचा पदवीधर मुंबईत आला, तेव्हा त्याची पदवी परकी ठरली नाही. शिक्षक आले, तेही याच परीक्षापद्धतीत तयार झालेले. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजमधील प्राध्यापकांनी १९४८ मध्ये मुंबईत जयहिंद कॉलेज काढले. हैदराबादच्या नॅशनल कॉलेजचा वारसा चालविणारे कॉलेज १९४९ मध्ये वांद्र्यास निघाले, आणि कुंदनानी व अडवाणी यांच्या प्रयत्नांतून पुढे त्या मंडळाची संस्थामालिका उभी राहिली. मुलांना छावणीतील प्राथमिक शाळेतून महाविद्यालयापर्यंत जाण्याचा मार्ग अशा रीतीने फार लवकर तयार झाला. पोलिश मुलांना हे भाग्य नव्हते.

पण पोलिश मुलांपाशी जी एकवाक्यता होती, ती येथे नव्हती. सिंधी कोणत्या लिपीत शिकवावी? सिंधमध्ये पूर्वी अनेक लिप्या प्रचारात होत्या. कॅप्टन स्टॅक याने १८४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्याकरणात देवनागरी वापरली होती. इंग्रज सरकारने १८५३ मध्ये अरबी वळणाची ५२ अक्षरांची लिपी ठरविली, आणि शंभर वर्षांचे सिंधी वाङ्मय तीत छापले गेले. फाळणीनंतर भारतात आलेल्यांपैकी एक पक्ष म्हणू लागला की, मुले आता हिंदी-मराठीच्या प्रदेशात वाढणार, त्यांना देवनागरी शिकवावी. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, देश गेला, आता लिपीही टाकली तर मागचे सर्व ग्रंथ मुलांना मुके होतील. १९५० मध्ये केंद्र सरकारने देवनागरीचा आदेश काढला. त्यास तीव्र विरोध झाल्यावर १९५१ मध्ये दोन्ही लिप्यांना मुभा देण्यात आली.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहता देवनागरी सिंधीला अपुरी नाही. सिंधीतील चार अंतःस्फोटक व्यंजनांसाठी ग, ज, ड, ब या अक्षरांखाली रेघ देऊन ॻ, ॼ, ॾ, ॿ अशी चिन्हे करण्यात आली आणि ती उत्तम काम देतात. स्वरांच्या बाबतीत तर देवनागरी अधिक स्पष्ट आहे. म्हणून देवनागरीवाद्यांचा शास्त्रीय पक्ष मला मान्य आहे. पण शाळेचा प्रश्न ध्वनिशास्त्राचा नसतो. १९५१ ची मुभा दिसावयास उदार होती. प्रत्यक्षात तिने एका लहान, विखुरलेल्या समाजाच्या मुलांचे दोन वाचकवर्ग केले. पुस्तके दोनदा छापावयाची, शिक्षक दोन प्रकारचे हवे, आणि ग्राहक मात्र आधीच थोडे. पालकांनी यावर जो तोडगा काढला तो अपेक्षितच होता. त्यांनी मुले हिंदी, मराठी वा इंग्रजी माध्यमाच्या शाळांत घातली. १० एप्रिल १९६७ रोजी एकविसाव्या घटनादुरुस्तीने सिंधीला आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले, आणि महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तक मंडळाच्या आठ माध्यमांत सिंधीही आहे. परंतु मान येईपर्यंत वर्गातील बाके रिकामी होऊ लागली होती.

कोणी म्हणेल, दवाखाना व छप्पर यांची चिंता असताना लिपीचा विचार कोण करणार? अधिकाऱ्यांनीही तसेच म्हटले असणार, आणि त्यांना दोष देणे सोपे आहे. पण छावणीत पहिली पाटी मुलाच्या हाती पडते तो दिवस लसीच्या दिवसापासून फार दूर नसतो. लसीचा निर्णय घेणारा तज्ज्ञ आपण मुद्दाम बोलावतो. पाटीवर काय लिहावयाचे याचा निर्णय मात्र ज्याच्या हाती खडू असेल तो घेतो.

मागच्या दिवाळीनंतर शेजारच्या बाईंनी पत्रांचा एक पुडका माझ्याकडे आणला. थोरल्या बहिणीची ही जुनी पत्रे. ती आता हयात नाही. वडील होते तोवर तेच पत्रे वाचून दाखवीत, त्यामुळे बाईंना ती वडिलांच्या आवाजात आठवतात. त्यांच्या घरात आज ही लिपी कोणालाच येत नाही. संशोधनाच्या निमित्ताने मला ती अडखळत वाचता येते. पहिले पत्र पिंपरीहून लिहिलेले, लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांतले. पाणी दोन वेळा येते, मुलाला देवी टोचल्या, दोन दिवस ताप होता, आता उतरला. आणि शेवटी विचारले आहे, धाकटीला शाळेत कोणती अक्षरे शिकवितात ते कळवावे, म्हणजे मी तिला वेगळे पत्र लिहीन.